आत्तीच्या वजनाचा कडता

“आत्ती, तू बाळ कधी आणणार गं?”

शरयूनं विचारलं आणि सांगलीतलं ते दोन खोल्यांचं घर एकदम गप्प झालं. आईची भाकरी परातीतच थापायची थांबली. आण्णा पाटावर बसून दाढीचा वस्तरा पुसत होते, ते पुसतच राहिले. आणि जिला विचारलं ती रंगूआत्ती, नुकतीच पलूसच्या एस्टीतून उतरून आलेली, तांब्या तोंडाला लावलेला, तिला चांगलाच ठसका लागला.

खरं तर प्रश्न शरयूचा नव्हताच. तो पद्माचा आणि वर्गातल्या इतर चौघींचा होता. मधल्या सुट्टीत पद्मा म्हणाली होती, “मिरजेच्या वक्तृत्व स्पर्धेत पाचशे लोकांसमोर बोललीस, ढाल आणलीस, मोठी धीट झालीस! मग आत्तीला एवढं विचारून दाखव. नाही विचारलंस तर दिवाळीपर्यंत माझं दप्तर तू उचलायचं.” दिवाळी नुकतीच झालेली, म्हणजे पुढची दिवाळी. एक वर्ष! शरयूनं तिथल्या तिथं हातावर हात मारला. ढाल घरात आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं, की तोंड उघडून विचारता येत नाही असं या जगात काही नाहीच.

“कार्टे!” आई ओरडली. “कुणाला काय इचारावं कळतं का तुला? वन्सं, तुमी मनावर घेऊ नका.”

पण आत्ती हसायला लागली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, “वैनी, ओरडू नका तिला. सात वर्सं झाली, सगळी डोळ्यानं इचारत्यात. हिनं तोंडानं इचारलं. बरं वाटलं बघा.” मग शरयूला जवळ ओढून म्हणाली, “तुझं मामा पौषात सुट्टीवर येणार हाईत. दोन महिनं. तवाच बघायचं ठरवलंय. माझं वजन थांबलंय न्हवं आता!”

शरयू चप्पल न घालताच पद्माकडं पळाली.

रंगूआत्ती एकोणतीस वर्षांची. गेल्या वर्षीपर्यंत ती दारातून आत यायची ती आडवी होऊन. चार पावलं चालली की धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे, लघवीत साखर उतरायला लागली होती. मूल तर राहातच नव्हतं. आत्तीचे यजमान, नाथाजीमामा, फौजेत हवालदार. त्यांच्या साहेबांच्या ओळखीनं मुंबईतल्या एका डॉक्टरचा पत्ता लागला. परदेशात शिकून आलेला माणूस. तो आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवून उरलेलं जोडतो आणि खाल्लेलं सगळं अंगाला लागत नाही, असं समजलं. पलूसमध्ये कुणाचा विश्वास बसला नाही. आत्तीनं सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर लगेच ते ऑपरेशन करून घेतलं. पहिले चार महिने पोटानं तिचा नुसता छळ मांडला. मग हळूहळू वजन उतरायला लागलं. एकशे आठ किलोवरून शंभर, नव्वद, ऐंशी.

निघताना मुंबईच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, रक्ताच्या आणि ताकदीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. दुसरी, मुलाची घाई करायची नाही. “आता दिवस राहायला वेळ लागणार नाही, म्हणून आधीच सांगतो. दीड ते दोन वर्षं थांबा. वजन उतरतंय तोवर तुमचं शरीर स्वतःलाच खातंय. त्यात बाळाला काय मिळणार? वजन महिनोन्‌महिने एका जागी थांबू दे, मग या.” आणि वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करायचं.

काटा तर घरचाच होता. आण्णा, म्हणजे शरयूचे वडील आकाराम, हळदीच्या यार्डात एका अडतीवर तोलाईचं काम करत. ऑपरेशनच्या आधी सांगलीतल्या दवाखान्याचा काटा आत्तीला पुरला नाही तेव्हा तिला हळदीच्या पोत्यांच्या काट्यावरच उभं केलं होतं. हमालांनी माना वळवल्या होत्या तरी आत्ती घरी येऊन पोटभर रडली होती. म्हणून मग दर अमावस्येचा दिवस ठरला. अमावस्येला त्या अडतीवर सौदे नसत, चिटपाखरू नसे. आत्ती आदल्या दिवशी पलूसहून यायची, दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर उभी राहायची आणि आण्णा मुंबईला कार्ड टाकायचे.

शरयूला ती दुपार फार आवडायची. आण्णा बहिणीलाही पोत्यासारखंच रीतसर तोलायचे. पहिल्या तोलाला यार्डात ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. आण्णा दांडी सरळ झाली की खणखणीत आवाजात “लाऽभ! ऐंशी!” म्हणायचे. मग पोत्याचा, मातीखड्याचा जसा कडता वजा करतात तसा अर्धा किलो वजा करायचे. “लुगड्याचा कडता,” म्हणायचे आणि आत्ती लाजायची.

भाद्रपदाच्या अमावस्येला वजन बहात्तर भरलं. अश्विनातही बहात्तर. गावातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, असं चार महिने थांबलं तर पुन्हा विचार करू. आत्ती काल आली, आज कार्तिकाची अमावस्या. आजही बहात्तर भरलं, की मार्गशीर्षाचं एकच वजन उरणार होतं, आणि पौषात मामा.

सकाळची शाळा सुटली. पद्मानं हरल्याबद्दल शरयूचं दप्तर गल्लीच्या तोंडापर्यंत वाहिलं. शरयू नाचतच परसात हातपाय धुवायला गेली. दोरीवर आत्तीची हिरवी चोळी वाळत होती, उलटी. शरयूनं सहज बघितलं. शिवणाच्या तासाला बाईंनी तिला सगळ्यांत जास्त वेळा उसवायला लावलं होतं, त्यामुळं टीप दिसली की तिची नजर आपोआप तिथं जायची. काखेतून खाली टिपांच्या चार ओळी होत्या, एकीच्या आत एक. तीन विटलेल्या हिरव्या दोऱ्याच्या. चौथी पांढऱ्या दोऱ्याची, कोरी करकरीत, बोटभर आत घेतलेली.

शरयूनं चोळी सुलटी केली, परत उलटी केली. वजन भाद्रपदापासून थांबलंय. मग चोळी आत्ता कशाला आवळली?

ढाल आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मनात आलं आणि तोंडावाटे बाहेर पडलं नाही.

दुपारी तिघं यार्डात निघाली. आत्ती हळूहळू चालत होती, एक हात ओच्यावर.

“गुडघा धरला काय गं?” आण्णांनी विचारलं.

“व्हय जरा. एस्टीत अवघाडली.”

गेल्या महिन्यात हीच आत्ती शरयूच्या पुढं पळत होती. अडतीच्या पायरीवर ती चढली तेव्हा तिच्या कमरेपाशी काहीतरी वाजलं. बांगडी नव्हे. लोखंडावर लोखंड वाजावं तसं.

आण्णांनी काटा पुसला. आत्ती वर उभी राहिली. नजर समोरच्या भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर, ओठ घट्ट मिटलेले. आण्णांनी वजनं लावली, दांडी हलली, डुलली आणि सरळ झाली.

बहात्तर.

आण्णांच्या तोंडावर हसू पसरलं. त्यांनी ‘लाभ’ म्हणायला छाती भरून घेतली.

“आण्णा, थांबा,” ती म्हणाली. “कडता धरायचा राहिलाय.”

“धरतो की. लुगड्याचा अर्धा...”

“लुगड्याचा न्हवं.” शरयू आत्तीजवळ गेली आणि अगदी हळू म्हणाली, “आत्ती, ओच्यात काय हाय?”

आत्तीनं तिच्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरून आले. खाली उतरून पाठमोरी झाली, ओचा सोडला आणि आत बांधलेली सुती पिशवी काढून काट्याशेजारी ठेवली. पिशवीतून एक दोन किलोचं वजन निघालं, मग दुसरं दोन किलोचं, मग एक किलोचं. काळी, षट्कोनी, लोखंडी.

“परत हुबी ऱ्हा,” आण्णा म्हणाले.

सदुसष्ट.

आण्णा पोत्यांच्या थप्पीवर मटकन बसले. “कवापासनं?”

“भादव्यातलं खरं हुतं. मागल्या बारीला दोन किलो ठेवलं. आज पाच.”

“वीस वर्सं झाली मला या काट्यावर. शेतकऱ्यानं पोत्यात खडं घातलं तर मला पोतं हलवल्या हलवल्या कळतं. आन माझी सख्खी भन लोखंड बांधून उभी ऱ्हाती आन मी ‘लाभ’ म्हणून वराडतोय!” ते बोलायला लागले ते रागानं, पण संपेपर्यंत त्यांना हसू फुटलं होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. “आगं, मी मुंबईला कार्ड टाकलं की! त्या डॉक्टरलाबी फसवलंस!”

“काय करू दादा?” आत्ती म्हणाली. “वर्सातनं एकदा त्येंची सुट्टी. ही पौषाची गेली की फुडचा पौष. मी तिशीला आले. सासरी आत्याबाईंनी जुनी लुगडी काढून दुपट्याला घेतल्यात. म्हणत्यात, ‘रंगे, बारीक झालीस, आता कसली वाट बघतीस?’ त्यास्नी वाटतं बारीक झालं म्हंजे झालं. मला बी वाटायला लागलं, पाच किलोनं काय फरक पडतोय.”

शरयूला आता भीती वाटायला लागली होती, की आपण आत्तीचं पौषातलं बाळच हिसकावून घेतलं.

आत्ती काट्यावरून उतरली नव्हती. दांडीकडं बघत होती. “सदुसष्ट,” ती स्वतःशीच म्हणाली. “दोन म्हयन्यात पाच गेलं. आजून मलाच माझं अंग पुरंना. त्येला कुठनं देणार हुते मी?” मग ती खाली उतरली आणि ओचा नीट खोवला. आता तिचा हात कमरेवर नव्हता. “शरू, तुझं अक्षर चांगलं हाय. तुझ्या मामास्नी पत्र लिहायचं.”

पत्र अडतीच्या ओट्यावरच लिहिलं. आत्ती चौथीपर्यंत शिकलेली, सांगायची भरभर आणि मध्येच थांबायची. ‘पौषाची सुट्टी घेऊ नये. ज्येष्ठात घ्यावी. तोवर ऑपरेशनला दीड वर्ष होऊन जाईल. वजन अजून उतरते आहे, खोटे सांगितले होते, माफी असावी.’ इथं तिनं शरयूला लेखणी थांबवायला लावली. डॉक्टरीणबाईंनी दुसराही एक उपाय सांगितला होता, एस्टीच्या पाठीवर कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जाहिरातीत असतो तो.

“मग मामा पौषातच आले तर काय बिघडलं?” शरयूनं विचारलं. आण्णा एकदम काटा पुसायला लागले. काटा आधीच पुसलेला होता.

आत्तीचा चेहरा लाल झाला. “दोन महिनं समोर असल्यावर माझाच निश्चय टिकायचा न्हाई. त्यापरीस येऊच नका म्हणावं. लिही, ‘संक्रांतीचा तिळगूळ पोस्टानं पाठवीन.’”

शरयूनं लिहिलं. ‘तिळगूळ’वर शाईचा डाग पडला तो तिच्यामुळं नव्हे.

आता उरलं पलूस. आत्तीची सासू अंबूबाई. दुसऱ्या दिवशी शनिवार-रविवारच्या निमित्तानं शरयू आत्तीबरोबर एस्टीत बसली. वजनांची पिशवी तिच्या मांडीवर होती. वाटेत तिनं मनात भाषण तयार केलं. सुरुवातीला ‘आदरणीय’, मध्ये शास्त्र, शेवटी माता आणि राष्ट्र.

अंबूबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्या बाजारात मिरची विकायच्या. शरयूनं पदर असता तर खोचला असता, अशा थाटात पुढं होऊन तोंड उघडलं. तेवढ्यात पिशवी वाजली.

“काय हाय त्यात?” अंबूबाईंनी हात घातला आणि दोन किलोचं वजन वर काढलं. “आगं बया! माझी वजनं! म्हयना झाला मी शोधतीया! तानुबाईच्या घरात जाऊन, तूच नेलीस म्हणून भांडून आले मी. शेजारीण असून त्या दिसापास्नं बोलत न्हाई माझ्याशी!”

भाषण तिथंच संपलं. आत्ती खाली बसली, मिरच्यांच्या ढिगापलीकडं, आणि तिनं सगळं सांगितलं. वजनं कुठं बांधली, का बांधली, काट्यावर खरं किती भरलं, मुंबईच्या डॉक्टरांनी काय बजावलं होतं. बाळ लवकर राहिलं तर बारीक, कमी दिवसांचं जन्मू शकतं. तिचंही रक्त कमी पडू शकतं. अंबूबाई ऐकत होत्या आणि खुडत होत्या. देठ एकीकडं, मिरच्या एकीकडं.

“डॉक्टर म्हणाला थांब, ते मला का न्हाई सांगितलंस?”

“सांगितलं हुतं की आत्याबाई. तुमी म्हणाला, डॉक्टर काय, सांगत्यातच.”

अंबूबाईंनी मिरची खाली ठेवली. “म्हणाले असंन,” त्या कुरकुरत म्हणाल्या. मग त्यांनी अंगणापलीकडच्या उसाकडं हात केला. “वड्याकडचा तुकडा आपण आडसाली लावलाय. श्रावणात लावला. पुढल्या श्रावणात तोडला काय कुणी?”

“न्हाई,” आत्ती म्हणाली. “सोळा-सतरा म्हयनं लागत्यात.”

“बाराव्या म्हयन्यात तोडला तर?”

“वजन भरत न्हाई. साखर उतरत न्हाई.”

“मग ज्येष्ठात येऊ दे माझा नाथा. मी काय मरत न्हाई तवर. मेले तर दुपटं पेटीत हाय, काढून घे.” मग शरयूकडं वळून त्या म्हणाल्या, “आन तू गं? मघापास्नं आ करून काय हुबी हाईस? काय बोलायचं हुतं का?”

“होतं,” शरयू म्हणाली, “पण झालं सगळं.”

“मग चल माझ्याबरं तानुबाईकडं. आता तिची समजूत कोन घालणार? तू ढालवाली न्हवं का?”

तानुबाईच्या दारात मात्र शरयूला खरंच भाषण करावं लागलं, आणि ते ढालीच्या भाषणापेक्षा अवघड निघालं. तानुबाईनं शेवटी चहा केला, पण अंबूबाईंना बशीत आणि शरयूला कपात.

पंधरा दिवसांनी मामांचं पत्र आलं. कंपनीतल्या एकाच्या बहिणीचं लग्न पौषात होतं आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती. दोघांनी साहेबांना विचारून अदलाबदल केली. मामांची सुट्टी ज्येष्ठात पक्की झाली. पत्राच्या खाली लिहिलं होतं, ‘वजन खोटं सांगितलंस तरी चालेल, पण गोळ्या घेतल्या असं खोटं सांगू नकोस.’ आत्तीनं ती ओळ शरयूकडून तीनदा वाचून घेतली. स्वतःला वाचता येत होती तरी.

मार्गशीर्षाच्या अमावस्येला वजन भरलं साडेसहासष्ट. पौषाच्या अमावस्येला सहासष्ट. माघातही सहासष्ट. आण्णांनी प्रत्येक वेळी आत्तीला ओचा झटकायला लावला, आणि माघातली दांडी सरळ झाली तेव्हा असा “लाऽभ!” दिला, की पलीकडच्या गोदामातली कबुतरं उडाली. चोळीला पाचवी टीप पडली नाही. शरयूनं दोरीवर स्वतः तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता कसं! ज्येष्ठाच्या आधी एकदा रक्त तपासून घेऊ.”

त्या संध्याकाळी आत्तीला पलूसच्या एस्टीत बसवून शरयू घरी आली, ती बोटांवर काहीतरी मोजत. आण्णा चहा पीत होते. आई गहू निवडत होती. शरयू मधोमध उभी राहिली, मिरजेच्या मांडवात उभी राहिली होती तशी, दोन्ही पाय जुळवून.

“मला एक सांगायचंय.”

“आता काय राह्यलंय?” आई म्हणाली.

“ज्येष्ठापासून नऊ महिने मोजले तर येतो ऐंशी सालचा मार्च. तेव्हा माझी दहावीची बोर्डाची परीक्षा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, आणि आत्तीचं माहेर हेच.”

“आगं, आजून कशात काय न्हाई!” आईनं घाईघाईनं गव्हाचा दाणा उचलून तिच्यावरून ओवाळून बाहेर टाकला. “आसं आधी मोजू नगं, बया! आन परीक्षा म्हंजे? ती बघून ठरवू की. लागलं तर पलूसलाच...”

“नाही. बघून ठरवायचं नाही. आत्तीला मी आत्ताच स्टँडवर सांगून आले.” शरयूनं आतल्या खोलीकडं बोट केलं. “खिडकीजवळची माझी खाट तिची. माझी पुस्तकं मी पद्माच्या माडीवर नेणार, तिच्या आईला विचारलंय. परीक्षेच्या दिवशी बाळ रडलं तर रडू दे, मी बीजगणित केलेलं असेल. आत्ती बाळंतपणाला इथंच येणार. ठरलं.”

आण्णांनी बशी खाली ठेवली, आईकडं बघितलं, आणि यार्डातल्या आवाजात म्हणाले, “लाऽभ!”